जुना कंट्रोलर बोलता आहे तोवर : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

कारखान्यांतले जुने कंट्रोलर, म्हणजे यंत्रं आपोआप चालवणारे औद्योगिक संगणक (पीएलसी), वेळेत बदलावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. देखभाल विभागात बत्तीस वर्षं काढलेला माणूस कळकळीने रागावतो, तेव्हा दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं नाही. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्याकडचा सीमेन्सचा एस-५ तीस वर्षं बिनतक्रार चालला. तो काढून नवा कंट्रोलर बसवला, तर रिॲक्टरचं (रसायनांवर प्रक्रिया करायच्या भांड्याचं) तापमान तीन आठवडे हंटिंग करत, म्हणजे ठरल्या आकड्याच्या वर-खाली झुलत, राहिलं आणि बॅचेस वाया गेल्या. स्टोअरमध्ये जुन्याचे दोन सीपीयू (प्रोग्रॅम चालवणारी मुख्य कार्डं) शिल्लक असताना हा उपद्व्याप कशासाठी, असं तुम्ही विचारता. शिवाय माझ्यासारखे लोक भीती घालून माल खपवणाऱ्यांची सोय करतात, असंही म्हणता.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘वीस वर्षांवरचं प्रत्येक कार्ड म्हणजे धोका’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. कंट्रोलरच्या एकाच रॅकमध्ये (चौकटीत) खोचलेली वेगवेगळ्या कामांची कार्डं सारखी म्हातारी होत नाहीत. स्विच चालू की बंद एवढंच वाचणारं डिजिटल इनपुट कार्ड वर्षानुवर्षं निमूट चालतं. आधी जातो तो पॉवर सप्लाय, कारण त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आपल्या धंद्यातला जुना ठोकताळा. चाकणला मे महिन्यात फिल्टर तुंबलेलं, पंखा बंद पडलेलं पॅनेल उघडलं की चेहऱ्यावर जी झळ येते, तीच त्या कपॅसिटरला रात्रंदिवस बसत असते. म्हणजे काय आणि कधी बदलायचं हे वयावर नाही, त्या कार्डाच्या जागेवर आणि कामावर ठरतं. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या पीएलसी-५ या कंट्रोलरमध्ये तर जुनी आय/ओ कार्डं (सिग्नल आत-बाहेर नेणारी) आणि फील्ड वायरिंग (यंत्रांपर्यंत गेलेल्या तारा) जागेवर ठेवून वर नवा प्रोसेसर बसवता येतो. पीएलसी-५ चं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, म्हणून सगळा रॅक भंगारात गेला पाहिजे असं नाही.

स्टोअरमधल्या दोन सीपीयूंबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते रॅकमध्ये लावून शेवटचे कधी चालवले होते? वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो आणि नेमका गरजेच्या दिवशी तो दगा देऊ शकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बुधवार पेठेत कुणाकडून मिळवलेल्या कार्डाचा तर पूर्वेतिहासच आपल्याला ठाऊक नसतो. सुटे भाग ठेवावेतच, पण एका तपासणी रॅकवर दर सहा महिन्यांनी चालवून ठेवावेत.

आता मी हा विषय इतका का लावून धरतो, ते सांगतो. नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. भोसरीतला एक छोटा रेझिनचा कारखाना, थर्मिक फ्लुइडवर (गरम तेलावर) तापणाऱ्या तीन केटल (रेझिन शिजवायची भांडी). गुरुवारची साप्ताहिक सुट्टी साधून मी पॅनेलमधली धूळ काढायला गेलो आणि मेन स्विच पाडला. त्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम बॅटरीच्या आधारावर रॅममध्ये राहायचा. बॅटरी कधीचीच संपली होती आणि ते मी पाहिलं नव्हतं. स्विच परत वर केला तेव्हा सीपीयू स्टॉपमध्ये, मेमरी रिकामी. बॅकअपची फ्लॉपी वाचता येईना. हाती उरला तो लॅडरचा (कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचा) डॉट-मॅट्रिक्स प्रिंट, तोही पहिल्या वर्षीचा. नंतर केलेले बदल त्यात कुठेच नव्हते.

आम्ही नऊ दिवस तो प्रिंट बघून टाइप करत बसलो. चाचणीला दोन नंबरच्या केटलचं तापमान दरवेळी मर्यादेच्या वर जाऊ लागलं. एका ऑपरेटर मामांनी सांगितलं, “त्या केटलचं हीटिंग आठ डिग्री आधीच तोडायला लागतं साहेब, तिच्याभोवतीचं जॅकेट उष्णता धरून ठेवतं.” ही गोष्ट त्यांच्या खिशातल्या वहीत होती आणि पुसल्या गेलेल्या प्रोग्रॅममध्ये होती. तिसरीकडे कुठेही नव्हती.

तोही कंट्रोलर, काका, तोवर एकदाही बंद पडलेला नव्हता. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की जुना कंट्रोलर चालू असतानाच बदलावा, कारण तेव्हा त्याला विचारता येतं. कुठल्या आकड्याला काय तोडतोस? व्हॉल्व्ह किती वेगाने उघडतोस? त्यातलं काय कागदावर आहे आणि काय फक्त तुझ्या पोटात? तो गेल्यावर हे प्रश्न कुणाला विचारणार?

तुमच्या रिॲक्टरच्या बाबतीत हे विचारणंच राहून गेलं, असं मला वाटतं. ‘जुन्या शीटवरचे ट्यूनिंगचे आकडे जसेच्या तसे टाकले होते, तरी हे झालं,’ असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय त्या ‘जसेच्या तसे’वर आहे. तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या हिशेबाला पीआयडी म्हणतात, आणि ट्यूनिंग म्हणजे त्याचे तीन आकडे: आताच्या फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं (प्रपोर्शनल), साचलेला फरक किती लवकर भरून काढायचा (इंटिग्रल) आणि बदलाच्या वेगाला किती उत्तर द्यायचं (डेरिव्हेटिव्ह). यातला पहिला आकडा जुन्या पद्धतीत बऱ्याचदा प्रपोर्शनल बँड म्हणून टक्क्यांत असतो, नव्यात गेन मागतात. गेन म्हणजे १०० भागिले बँड, म्हणून ४० टक्के बँड म्हणजे गेन २.५. इंटिग्रलचा वेळ जुन्यात मिनिटांत आणि नव्यात सेकंदांत असेल, तर ४ मिनिटांच्या जागी नुसता ४ टाकला की इंटिग्रल साठपट जोरात चालतो. मग तापमान झोके घेणार नाही तर काय करणार?

युनिट बरोबर बदलली, तरी एक खाच उरते आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या कंट्रोलरांतल्या पीआयडीची रचना अनेकदा सीरीज प्रकारची असते. तिच्यात इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह एकमेकांवर परिणाम करतात. नव्यातल्या नेहमीच्या रचनेत ते सुटे असतात. जुन्यात गेन २.५, इंटिग्रल ४ मिनिटं आणि डेरिव्हेटिव्ह १ मिनिट असेल, तर तशीच चाल मिळवायला नव्यात गेन ३.१२५, इंटिग्रल ५ मिनिटं आणि डेरिव्हेटिव्ह ०.८ मिनिट लागतो. डेरिव्हेटिव्ह शून्य असेल तर दोन्ही रचना सारख्याच. म्हणून फ्लो आणि प्रेशरचे लूप (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची एकेक साखळी) पहिल्या दिवशी सुरळीत चालतात आणि तापमानाचा लूप अडतो, कारण डेरिव्हेटिव्ह बहुधा तिथेच वापरलेला असतो.

प्रोग्रॅमचंही तसंच. एस-५ मध्ये डेटा ब्लॉकचे (मेमरीतल्या जागांचे) पत्ते वर्डनुसार मोजतात, त्याच्यानंतरच्या एस-७ मध्ये बाइटनुसार, आणि एक वर्ड म्हणजे दोन बाइट, म्हणून डीडब्ल्यू १० चा डीबीडब्ल्यू २० होतो. सरळ लिहिलेले पत्ते कन्व्हर्टर हे सॉफ्टवेअर बदलून देतं. पण कुणी हुशारीने पत्त्यांची आकडेमोड करून लिहिलेलं असेल, तर ते माणसालाच वाचावं लागतं.

मी आता हे काम असं करतो. जुना कंट्रोलर प्लांट चालवत असताना नव्याचं इनपुट त्याच ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलच्या तारेत सीरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडतो. ट्रान्समीटरला (मोजमाप पाठवणाऱ्या उपकरणाला) एवढा भार झेपतो का, ते आधी मोजून घेतो. नव्याची आउटपुट कुठेही जोडत नाही, आणि दोघांचे ट्रेंड दोन-तीन आठवडे शेजारी शेजारी पाहतो. या काळात नव्यातला इंटिग्रल बंद ठेवायचा, कारण व्हॉल्व्ह हातात नसलेला पीआयडी एका टोकाला जाऊन बसतो. मग एकेक लूप मॅन्युअलला घेऊन, व्हॉल्व्हची स्थिती लिहून ठेवून नव्याकडे सोपवायचा. सर्वांत निरुपद्रवी लूप आधी, रिॲक्टरचा सर्वांत शेवटी.

एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. सीपीयू थांबला की ॲनालॉग आउटपुट कार्ड (व्हॉल्व्हला किती उघडायचं ते सांगणारं) काय करतं? शेवटचा आकडा धरून ठेवतं की शून्यावर जातं? नव्या कार्डात हे निवडता येतं आणि निवड आपणच करायची असते. वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे, थंड पाण्याचा उघडला पाहिजे. ही तपासणी न करता प्लांट सुरू केलेला मी पाहिला आहे, आणि अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तुमचा शेवटचा मुद्दा असा की आज नवा बसवला तरी पंधरा वर्षांनी तोही जुना होणार. खरं आहे. एस-५ १९७९ मध्ये आला, त्याच्यामागून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एस-७-३०० आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोही फेज-आउटमध्ये, म्हणजे बंद करण्याच्या टप्प्यात, गेला. त्यामुळे प्रत्येक लूप आणि इंटरलॉक (धोक्याच्या वेळी आपोआप अडवणारी अट) का आहे, त्याचा आकडा कुठून आला, हे मी कुठल्याही मेकचं नाव न घेता साध्या मराठीत लिहून घेतो आणि शिफ्टमधल्या ऑपरेटरांकडून वाचून दुरुस्त करून घेतो. त्या वहीतली आठ डिग्री आता माझ्या कागदांत पहिल्या पानावर असते.

काका, तुमच्या रिॲक्टरच्या जुन्या ट्यूनिंग शीटचा फोटो असेल तर कृपया पाठवा. त्यावर बँड लिहिलाय की गेन, आणि डेरिव्हेटिव्हच्या रकान्यात शून्याशिवाय काही आहे का, एवढं दिसलं तरी पुरे. आकडे मी काढून देतो, आणि ते चुकीचे वाटले तर इथेच सर्वांसमोर सांगा.