रावेरचं पाणी आणि पार्टीवाली पोरं

आमच्या गाईड सरांना गूगलची ॲलर्जी आहे. म्हणजे जेवायला हॉटेल ते स्वतः गूगलवरच शोधतात, पण डिझर्टेशनमध्ये साध्या वेबसाईटची लिंक दिसली की लाल पेन बाहेर. पीअर रिव्ह्यूड, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेला पेपर पाहिजे, लायब्ररीच्या डेटाबेसमधून पाहिजे, बस्स. विषय मी हौसेने घेतलेला, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं भूजल. घरची केळी आहे, बोअर खोल-खोल चाललीय, म्हटलं यावर जगाने ढीगभर लिहिलं असेल.

डेटाबेस उघडला, इंग्रजीत रावेर टाकलं, एंटर मारलं. तर समोर रात्रभर नाचणारी गोरी पोरं, त्यांच्या गोळ्या, त्यांची नशा. आपल्या तालुक्याचं स्पेलिंग आणि रेव्ह पार्टीला जाणाऱ्या माणसाचं स्पेलिंग एकच आहे हे तालुक्यात कोणालाच माहीत नसावं. पाण्याचा विषय त्यात होता, नाही असं नाही, पण तो डिहायड्रेशनचा.

मग तापी टाकलं. तर तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे भारतात यायची गॅसची पाईपलाईन, चारही देशांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की तापी. जुनं स्पेलिंग टाकून ताप्ती केलं तर सुरत, सुरत आणि सुरत, उकाई धरण, २००६ चा पूर. ७२४ किलोमीटरची नदी, मुलताईला निघते, भुसावळवरून जाते, पण रिसर्चवाल्यांना भेटते ती एकदम सुरतेला गेल्यावर. शेवटी वैतागून केळी आणि पाणी असं टाकलं, तर केळीच्या सालीने पाण्यातले जड धातू कसे शोषून घ्यायचे यावर इतके पेपर निघाले की बस. आमच्याकडे सालं शेळ्या खातात, त्यांना कोणी पीअर रिव्ह्यू करत नाही.

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, लायब्ररी फुल्ल, आणि ती गर्दी ज्ञानाची नाही, एसीची. माझे हाल बघून लायब्ररीवाल्या मॅडम आल्या, म्हणाल्या एकच शब्द टाकून काय बसलास दादा, आणि माऊस ताब्यात घेतला. ग्राउंडवॉटर एकदा जोडून, एकदा तोडून, मध्ये ऑर, म्हणजे यातलं कुठलंही चालेल, सगळ्याला कंस, कारण आपल्या केंद्रीय भूजल मंडळाच्या इंग्रजी नावात ते तोडून लिहितात आणि परदेशी जर्नलवाले बहुतेक जोडून, एकच टाकलं की अर्धे पेपर गुल. दोन शब्दांची नावं अवतरण चिन्हात. पुढे अँड लावून जळगाव, म्हणजे दोन्ही असलेलेच पेपर येतात. हायड्रोजिऑलॉजीचं, म्हणजे भूजलशास्त्राचं, शेपूट तोडून तिथे चांदणी (*) मारायची, म्हणजे हायड्रोजिऑलॉजिकल वगैरे सगळं खानदान येतं.

पण खरी मजा बझाड्याची. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे, पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं, म्हणजे माझ्या अख्ख्या डिझर्टेशनचा जीव त्यात. शब्द मूळचा स्पॅनिश निघाला. स्पेलिंगमध्ये जे टाकलं की डेटाबेस उचलून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन सोडतो आणि निवडुंग दाखवतो, झेड टाकलं की थेट सातपुडा. एका अक्षरात माणूस घरी येतो, आणि हे सांगणाऱ्या मॅडमना कॉलेजात सगळे फक्त पुस्तक उशिरा दिल्याचा दंड घेणारी बाई म्हणून ओळखतात, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग सापडला. हवा तोच पेपर, ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, वाचूनच जीव कासावीस, आणि पीडीएफवर क्लिक केलं तर पस्तीस डॉलर. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू आहे, जर्नल्सचे पैसे सरकार भरतं, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल्स, पण ती सरकारी संस्थांना आणि तिथल्या लॉगिनने, आणि माझं लॉगिन कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी पडलेलं. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ठेवलेल्या साईटवर, प्रबंध मात्र फुकट आणि सगळ्यांना उघडे. प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते, मी एकाचं ऋणनिर्देश अर्धा तास वाचलं, बायकोचे आभार फार मनापासून मानले होते. संदर्भसूचीवरून मागे मागे गेलं की जुने पेपरही सापडतात, हा रस्ता मला आवडला, यात पासवर्ड लागत नाही.

त्या पस्तीस डॉलरवाल्या पेपरसाठी मॅडम म्हणाल्या, पैसे भरू नको, लेखकालाच मेल टाक, आपला पेपर कोणी मागतंय म्हटल्यावर बहुतेकांना आनंदच होतो. टाकला. रात्रीच पीडीएफ आली, आणि खाली एक ओळ की तुमच्या शिवारातल्या विहिरींची पाण्याची पातळी मिळेल का, आमच्याकडे त्या भागाचा डेटा नाही.

मी आबांना सांगितलं. आबांची विहीर, आबांची बोअर, पाणी कधी किती खाली गेलं ते त्यांना वर्षासकट तोंडपाठ. त्यांनी आधी पेपरची किंमत विचारली. डॉलरचे रुपये करून दाखवले, तीन हजार. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "भाव पडला त दोन क्विंटल केळी जाते रे भो तितक्यात. त्याले सांग, देतो. पण आपल्या विहिरीचेबी पस्तीस डॉलर लागतीन."