दिवस भरू द्यायचे होते म्हणे

आज त्रिमूर्तीनगरला बारशाला गेले होते. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि एका काकूंनी बाळंतिणीच्या तोंडावरच सुरू केलं, "आजकालच्या पोरींना दमच नाही बाप्पा. सदतिसाव्या आठवड्यातच कळांचं औषध घेऊन मोकळ्या! आमच्या वेळी दिवस भरू द्यायचे." पोर मान खाली घालून दुपट्याची घडी करत बसली. केलेली घडी मोडून परत घालत बसली. तिचंही बीपीच होतं. मी गप्प राहिले, त्याचाच आता जास्त राग येऊन राहिला.

काकू, माझ्या जोडव्यांची गोष्ट ऐका.

मे महिना, छत्तिसावा आठवडा. पाय असे सुजले की जोडवी बोटांत रुतली. घरात सगळ्यांचं एकच, "नागपूरचा उन्हाळा आहे, पाय सुजणारच." मलाही तेच वाटलं. रात्री डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ऊन लागलं म्हणून कैरीचं पन्हं प्याले! सकाळी धंतोलीत दाखवलं. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घरी नाही जायचं. गोळ्यांनी बीपी खाली येईल, आजार जाणार नाही. त्यावर उपाय एकच, बाळंतपण."

सिस्टरनी साबण लावला, तेल लावलं. एक जोडवं निघालं. दुसरं कटरनं कापलं. बीपीचा आकडा ऐकून मी रडले नव्हते, त्या जोडव्यासाठी रडले.

मग कळा सुरू व्हाव्यात म्हणून दर दोन तासांनी गोळी. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, ते शिरेत गेलं की अंगाची नुसती भट्टी. मधूनमधून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचे. एकोणीस तास. दम म्हणजे आणखी काय असतं?

हो, मुहूर्त काढून बाळंतपण करवून घेणारे आहेत, उगाच घाई करणारे डॉक्टरही आहेत. मान्य. त्यांना बोला ना मग.

आणि ती गोळीही कोणी हवेतून नाही काढली. कळा आणायला गोळी बरी की गर्भाशयाच्या तोंडात घालायची फुग्याची नळी, हे बघायला बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायांचा अभ्यास आपल्याच नागपुरात, सरकारी दवाखान्यांत झाला. २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरकीच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. आणि आपण इथे बारशात बसून दम मोजून राहिलो.

तुमच्या वेळी दिवस भरायचे खरे, काकू. काहींचे दोन्ही अर्थांनी भरायचे.

हे जरा जास्त झालं. राहू दे, खोडत नाही.

जोडवं कापलं म्हणून सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ते तुकडे पदराच्या टोकाला बांधले. म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला नवव्या महिन्यात झटके आले होते. बाहेरचं आहे म्हणून मांत्रिक आणला." पुढचं बोलल्या नाहीत. पोरगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची, तेव्हा काचेला नाक लावून सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या होत्या.

आत्ता त्या बाळंतिणीला फोन केला. बाळंतपणानंतरही सहा आठवडे बीपी दगा देऊ शकतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं उद्या माझं मशीन आणून देते. फोन ठेवता ठेवता म्हणे, "ताई, माझं डोकं दुपारपासून दुखून राहिलं. अंगठीही निघत नाही बोटातून."

उद्या कशाला. पोस्ट टाकली की निघतेच.