घोंगडीने लकवा बरा होत नाही

थंडी पडू लागली की तोच मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरतो: घोंगडीवर झोपल्याने लकवा, संधिवात, रक्तदाब बरा होतो, साप-विंचू जवळ येत नाहीत, ती पावसात भिजत नाही, तिला कसर लागत नाही. घोंगडीवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढायला बसलो.

आधी लकवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालेल्या माणसाला घोंगडीवर निजवून वाट पाहिली, तर तेच तास हातचे जातात. संधिवातात उबेने आखडलेले सांधे जरा मोकळे होतात, हे खरं. पण आजार जात नाही. रक्तदाबाची गोळी तर कुणीही बंद करू नये.

सापाची गोष्ट तितकीच घातक. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. लोकर लागली की ती मागे फिरते, याला काही आधार नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचा.

‘भिजत नाही’ म्हणणाऱ्यांनी ‘भिजत घोंगडं’ हा आपलाच वाक्प्रचार आठवावा. लोकरीच्या तंतूवरचा मेणासारखा अंश रिमझिम ओघळून जाऊ देतो. शिवाय तंतू आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प आत घेतो, तरी अंगाला ओल लागत नाही, आणि ते घेताना थोडी उष्णताही सोडतो. म्हणून तर घोंगडीची खोळ घेऊन मेंढपाळ पावसात कळपामागे उभा राहतो. मुसळधार पावसात मात्र ती भिजते, जड होते आणि लवकर वाळत नाही.

कसर तर लागतेच. लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन हेच त्या अळीचं खाणं. अधूनमधून कडक ऊन दाखवा.

मला चीड येते ती या भाकडकथांच्या आडून ॲक्रिलिकच्या चादरी ‘शुद्ध घोंगडी’ म्हणून खपवल्या जातात त्याची. तिकडे लोकरीला भाव नाही म्हणून कितीतरी मेंढपाळ कातरलेली लोकर फेकून देतात. दख्खनी मेंढीची ही भरड लोकर कातून, ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून, सणगर समाजातले विणकर खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, घोंगडी विणतात. घेताना कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तर लोकर. वितळून टणक मणी झाला, तर ती घोंगडी नव्हे.