मँगनीजवरही लिहायला हवं होतं

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, झिंक (जस्त) कमी पडलं की अमोनियाचं युरियात रूपांतर मंदावतं आणि त्याचा ताण मेंदूवर येतो, हे सिरॉसिस आणि झिंकवरच्या तुमच्या लेखात नीट समजावलंय. पण मँगनीज एका ओळीत उरकलंय, त्याची खंत वाटली.

मँगनीजचं गणित उलटं आहे. ते शरीराबाहेर जातं मुख्यतः पित्तावाटे. यकृत थकलं आणि आतड्यांकडून येणारं रक्त त्याला वळसा घालून जाऊ लागलं, की मँगनीज मेंदूत खोलवर, ग्लोबस पॅलिडस या भागात साचतं. एमआरआयच्या टी-१ नावाच्या प्रकारच्या प्रतिमेत तो भाग चक्क उजळ दिसतो. माझ्या वडिलांची चाल मंदावली, हात थरथरू लागले, आणि आम्ही 'वय झालं' म्हणत राहिलो. एमआरआय बघितल्यावर उलगडा झाला. ते आधी कळायला हवं होतं, हे आजही टोचतं.

म्हणून कळकळीने सांगते, ताकदीची गोळी म्हणून मल्टिव्हिटॅमिन मनाने सुरू करू नका. बऱ्याच गोळ्यांत मँगनीज असतं. झिंकही डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्त काळ जास्त मात्रेत घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. आणि लॅक्ट्युलोज (शौचावाटे अमोनिया बाहेर काढणारं औषध) बंद करून झिंक, असं तर मुळीच नको.

सिरॉसिसच्या रुग्णांची प्रथिनं कमी करण्याचा जुना सल्लाही आता मागे पडलाय. सध्या वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात.

घरच्यांनी झोपेवर लक्ष ठेवा. दिवसा गुंगी, रात्री टक्क जाग, अक्षर बिघडणं: आमच्याकडे मेंदूवरच्या परिणामाची सुरुवात अशीच झाली होती.