यायोई कुसामांचे ठिपके इस्पितळातले नाहीत

सध्या एक मजकूर फिरतोय: जपानी चित्रकार यायोई कुसामा यांना घरच्यांनी वेड्यांच्या इस्पितळात डांबलं आणि तिथे त्या ठिपके काढायला शिकल्या. हे साफ चुकीचं आहे.

कुसामांचा जन्म 1929 चा, जपानमधल्या मात्सुमोतो शहरातला. लहानपणापासून त्यांना भास व्हायचे, हे त्यांनीच सांगितलंय. पण दहाव्या वर्षी काढलेल्या एका बाईच्या पेन्सिलचित्रातही ठिपके आहेतच. 1959 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जाळीची प्रचंड चित्रं मांडली. काळपट पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचे इवलेसे कमानदार फटकारे, एकाला लागून एक, हजारोंनी. मधे उरलेली काळी जागा म्हणजेच ठिपका. हाताची एवढी शिस्त लागणाऱ्या कामाला 'वेडाचा झटका' म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं. 1966 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांनी आरशासारखे गोळे मांडून विकायला काढले, आयोजकांनी ती विक्री थांबवली. त्याच बिएनालेत 1993 साली त्या जपानच्या अधिकृत प्रतिनिधी होत्या.

इस्पितळाचं म्हणाल, तर 1977 साली टोकियोत त्या स्वतःच्या इच्छेने तिथे राहायला गेल्या. स्टुडिओ जवळच थाटला, आणि रोज तिथे जाऊन काम करत राहिल्या. मजकूर पुढे पाठवला असेल, तर हेही पाठवा.