क्लिपा नऊ, सापडल्या सात

गाडीच्या दारात नवा स्पीकर बसवायला फार तर पंधरा मिनिटं लागतात. तीन-चार स्क्रू, दोन वायरी, झालं. बाकीचा रविवार जातो तो दाराचं ट्रिम, म्हणजे आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण, काढण्यात, आणि ते परत जागेवर जावं म्हणून त्याची मनधरणी करण्यात. हे काम शिकवणाऱ्या व्हिडिओतला मुलगा मात्र कडेला दोन बोटं घालून 'असं अलगद ओढायचं' म्हणतो आणि अख्खं ट्रिम त्याच्या हातात येतं. कॅमेरा लावायच्या आधी त्याने ते दोनदा काढून ठेवलेलं असतं, असा मला दाट संशय आहे.

ठाण्यात पहिली अडचण तांत्रिक नसतेच. या कामाला दार सताड उघडावं लागतं, आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ते वीतभर उघडलं तरी शेजारच्या गाडीला टेकतं. म्हणून गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये आणावी लागते. म्हणजे वॉचमनची परवानगी आली, आणि पाठोपाठ हात मागे बांधून उभे राहणारे तळमजल्यावरचे काकाही आले. "अहो, बाहेर चिल्लर पैशांत करून देतात की!" हे वाक्य पहिला स्क्रू फिरायच्या आत येतं. बाहेरचाही हेच करतो, फक्त ट्रिम दाराला धरून ठेवणाऱ्या, तुटलेल्या क्लिपा तो दाखवत नाही.

सामान थोडं लागतं: 2 नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर, 10 चा पाना, ट्रिम उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि त्याच गाडीच्या मापाच्या दहा-बारा क्लिपा, आधीच आणून ठेवलेल्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका; त्याचा चरा गाडी विकताना गिऱ्हाइकाला मीटरच्या आकड्याआधी दिसतो. काच पूर्ण वर घ्या आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. उलट केलंत तर काच जिथे असेल तिथेच बसते. काही गाड्यांच्या पुढच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. तो सुटा असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तो बहुधा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. म्हणून बॅटरी.

आता स्क्रू. एक आतल्या हँडलच्या वाटीत, नखाएवढ्या टोपीमागे. एक-दोन दार ओढायच्या खळग्यात, रबराखाली. एखादा आरशामागच्या तिकोनी प्लास्टिकपाशी किंवा दाराच्या कडेला. ज्याने हे ट्रिम आखलं त्याला स्क्रू दिसणं अपमानास्पद वाटत असावं. माझा नियम एकच: जोर लावावासा वाटला की एखादा स्क्रू राहिलाय असं समजावं आणि हात बाजूला घ्यावा.

मागच्या दारांना हाताने फिरवायची काच असेल तर मामला निराळा. त्या हँडलमागे इंग्रजी 'सी'सारखी तारेची क्लिप असते. हँडल आणि ट्रिमच्या फटीत जुन्या बनियनची पट्टी घालायची, दोन्ही टोकं धरून बूट पॉलिशवाल्यासारखी डावी-उजवी घासायची. क्लिपचं टोक कापडात अडकतं, दोनदा कुरकुरतं, आणि मग ती सुटते. सुटते म्हणजे उडते. गाडीखाली, जाळीच्या गटारात, किंवा काकांच्या चपलेजवळ. घासताना दुसऱ्याला हँडलवर रुमाल धरायला सांगावं. काकांना हे काम जरूर द्यावं, तेवढा वेळ ते बोलत नाहीत.

मग ट्रिम. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात, पट्टी क्लिपच्या शक्य तितकी जवळ. 'टक्' असा आवाज आला तर क्लिप सुटली. 'कटक्' आला तर दोन शक्यता. क्लिपचा पाय मोडला असेल तर चहाच्या पैशांत नवी येते. पण ट्रिमच्या पाठीवरचं, क्लिप ज्यात अडकते ते घर मोडलं असेल तर तो कोपरा जन्मभर फडफडणार. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक आधीच कडक झालेलं असतं, तिथे घाई नको. खालच्या आणि बाजूच्या सगळ्या सुटल्या की ट्रिम सरळ वर उचलायचं, कारण ते काचेच्या पट्टीवर टांगलेलं असतं. उचललं म्हणजे सुटलं नाही. आत हँडलची केबल आणि काचेच्या बटणाचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, लोंबत असतो. कपलरचा खटका दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका.

आता समोर येतो प्लास्टिकचा पातळ पडदा, काळ्या ब्युटिलच्या गोंदाने चिकटवलेला. हा गोंद कधी वाळत नाही. बोटाला, मग नाकाला, मग सीटला लागतो. रॉकेलने निघतो, पण सीटवर रॉकेल लावू नका. पुष्कळजण वैतागून पडदाच टराटरा फाडतात, आणि जुलैत त्याची फळं भोगतात. काचेच्या रबरातून पाऊस दारात शिरणारच, तसंच ठरवलेलं आहे. ते पाणी आत खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पडदा फाटला की तेच पाणी ट्रिममागून गालिच्यात मुरतं, आणि मग गाडीला ओल्या गोणपाटाचा वास येतो. तेव्हा पडदा जपून सोलायचा, स्पीकरएवढाच भाग मोकळा करायचा. आवाज दाबायची शीट चिकटवणार असाल तर तळाची भोकं बुजवू नका.

स्पीकर 6.5 इंची असला तरी खोली मोजल्याशिवाय घेऊ नये. चुंबक जाड असेल तर खाली येणारी काच त्यावर आदळते. बसवण्याआधी बटणाचा कपलर, सेन्सर सुटा असेल तर तोही, आणि मग बॅटरी क्षणभर जोडून काच पूर्ण खाली नेऊन बघा. स्पीकर पुढे आणायला मागे रिंग लागलीच तर प्लास्टिकची घ्या, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, पावसात फुगते. जुना स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असला तर ड्रिल आलं. किसाचे कण दारात पडू देऊ नका. खोक्यावरच्या 300 वॅटकडे बघू नये. कंपनीच्या स्टीरिओतून दर चॅनेलला खरे 15-20 वॅट मिळतात, म्हणून आरएमएस (सतत झेपणारे वॅट) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा आवाज) वाचावी, सेन्सिटिव्हिटी 90 डेसिबलच्या वर असेल तर उत्तम. वायरी लावायच्या स्पीकरवरच्या दोन पातींपैकी रुंद पात बहुधा प्लस. खात्री नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा: प्लसला प्लस लागला तर स्पीकरचा शंकू बाहेर सरकतो. एका दारात उलटं जोडलं तर दोन्हीकडून आवाज येतो, पण बास मधल्यामध्ये गायब होतो, आणि माणूस महिनाभर स्टीरिओला शिव्या देतो.

ट्रिम ठोकून बसवण्याआधी लोंबत्या वायरींना फोमची टेप गुंडाळा. मग बॅटरी जोडून काच, लॉक, आतलं हँडल आणि चारही बाजूंचा आवाज तपासा.

नवी मुंबईच्या गुळगुळीत पाम बीच रोडवर चाचणी घेऊ नये, तिथे सगळंच छान वाजतं. ठाण्याच्या खडबडीत घोडबंदर रोडला जा. तिथे झणझण आली तरी लगेच ट्रिम काढायला बसू नका, आधी दाराच्या कप्प्यात हात घाला. 2024 च्या ऑक्टोबरात मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, पण त्यासाठी साठवलेली चिल्लर बऱ्याच कप्प्यांत अजून तशीच पडलेली आहे.