हॉटस्पॉटच्या त्या फॉरवर्डमधलं एकही वाक्य खरं नाही

गुरुवारी लाईट गेली की सोसायटीतलं वायफाय जातं आणि जो तो फोनचा हॉटस्पॉट लावतो. तो मेसेज ग्रुपवर हटकून त्याच दिवशी येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडेही तोच आला होता. मेसेज म्हणतो: हॉटस्पॉट ही फोनची सोय, सिमकार्डवाल्या कंपनीचा त्यात काही संबंध नाही, हॉटस्पॉटची अ‍ॅप्स स्टोअरमधून काढली ती व्हायरसमुळे, लॅपटॉप जोडला की कंपनी दुप्पट डेटा कापते, म्हणून सोबतची एपीके फाइल (स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) टाका, कंपनीला पत्ताही लागणार नाही.

पहिलं वाक्य घ्या. बटण फोनवर असलं तरी ते चालू द्यायचं की नाही, हे कंपनी ठरवू शकते. आयफोनमध्ये टेदरिंगची, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देण्याची, सोय २००९ मध्ये आली. अमेरिकेत तेव्हा आयफोन फक्त एटी अँड टी या मोबाइल कंपनीकडे मिळायचा. तिच्या ग्राहकांना ही सोय मिळाली जून २०१० मध्ये, तीही महिन्याला २० डॉलर जादा मोजून. फोन तोच आणि सॉफ्टवेअरही तेच होतं, अडवलं होतं कंपनीने. अँड्रॉइडमध्येही सिमनुसार कंपनीची सेटिंग्ज लागू होतात. हॉटस्पॉट लावण्याआधी कंपनीची परवानगी तपासायची, हे त्यांतून फोनला सांगता येतं. सिम बदलल्यावर हॉटस्पॉट बंद पडला, तर तपकीर गल्लीत दुरुस्तीला धावण्याआधी एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणारी फोनमधली सेटिंग) नीट भरलंय का ते पाहा.

व्हायरसची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण इथे खरा इतिहास पुसला जातो. व्हेरायझन या अमेरिकन मोबाइल कंपनीने २००८ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींचा एक पट्टा घेतला. त्याला अट होती: ग्राहकाने कोणता फोन, कोणतं अ‍ॅप वापरावं यावर बंधन घालायचं नाही. तरीही कंपनीने अँड्रॉइड मार्केट या गूगलच्या तेव्हाच्या अ‍ॅप स्टोअरमधली ११ टेदरिंग अ‍ॅप्स आपल्या ग्राहकांना मिळू नयेत अशी गूगलकडे मागणी केली आणि ती मान्य झाली. या कंपनीचंही टेदरिंगसाठी महिन्याला २० डॉलरचं वेगळं शुल्क होतं, आणि ती अ‍ॅप्स तेच काम त्याशिवाय करत होती. तक्रार झाली, चौकशी झाली आणि जुलै २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी तडजोड करताना व्हेरायझनला १२.५ लाख डॉलर भरावे लागले. आता विचार करा, व्हायरस असता तर अ‍ॅप सगळ्यांसाठीच काढलं असतं. इथे मागणी होती ती एका कंपनीच्या ग्राहकांपुरती.

दुप्पट डेटा कापला जात नाही. एक जीबी फोनवर खर्च झाला काय आणि लॅपटॉपवर झाला काय, मोजणी तीच. पण रोजचे दोन जीबी दुपारीच संपतात, हा अनुभव मात्र खरा आहे. भाच्याने त्याचा लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. लेक्चर एका टॅबमध्ये चालू होतं, आणि खाली विंडोजचं अपडेट गुपचूप उतरत होतं. लॅपटॉपला ते कनेक्शन घरच्या वायफायसारखंच वाटत होतं. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (इथला डेटा मोजका आहे असं लॅपटॉपला सांगणारा पर्याय) चालू केलं, व्हिडिओ १०८० वरून ४८० वर आणला. त्या दिवशी त्याचा डेटा रात्रीपर्यंत पुरला.

आता ती फाइल. ‘पत्ता लागणार नाही’ हे कशाच्या जोरावर म्हणतात? इंटरनेटवर डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो; प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकने घटतो. फोनमधून थेट निघालेलं पॅकेट साधारण ६४ घेऊन निघतं. विंडोज लॅपटॉपचं १२८ घेऊन निघतं आणि फोनमधून पुढे जाताना १२७ होतं. हा फरक नेटवर्कवर सहज दिसतो. काही अ‍ॅप्स तो लपवू शकतात हे खरं, पण ग्रुपवर आलेली, कोणी बनवली तेही माहीत नसलेली फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते, तेव्हा बँकेचा ओटीपी तिच्या हातात जातो.

आणि लपवायचं तरी कशासाठी? आपल्याकडे साध्या पॅकमध्ये हॉटस्पॉटसाठी वेगळे पैसे सहसा द्यावे लागत नाहीत. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवर भेदभाव न करण्याची, शिफारस केली, तेव्हा ग्राहकाच्या उपकरणावरूनही भेदभाव नको असं त्यात लिहिलं होतं. जुलै २०१८ मध्ये सरकारने ती तत्त्वं मान्य केली. उद्या एखाद्या पॅकमध्ये हॉटस्पॉट अडवलेला दिसला, तर अटींचा स्क्रीनशॉट काढा, कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

ती फाइल आधीच टाकली असेल, तर आज अ‍ॅप काढा. निघत नसेल, तर सेटिंगमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन आधी त्याचा ताबा बंद करा, मग काढा. बँकेच्या अ‍ॅपचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला.